विभागाच्या प्रायॉरिटीज विद्यापीठाच्या प्लॅनशी जुळवायच्या कशा : एका आयक्यूएसीवाल्याच्या वहीतून

परवा एका मॅडमचा फोन आला. नुकत्याच एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, झाल्यात. म्हणे सर, वरून मेल आलाय, 'आपल्या विभागाच्या ॲकॅडमिक प्रायॉरिटीज संस्थेच्या स्ट्रॅटेजिक प्लॅनशी अलाइन करून शुक्रवारपर्यंत पाठवा', सोबत एक एक्सेल शीट, डावीकडे प्लॅनची उद्दिष्टं टाइप केलेली आणि उजवीकडचा रकाना रिकामा. काय भरू?

मी म्हटलं, मॅडम, काहीही भरा, कुणी वाचत नाही. मग लगेच वाटलं की हे काही बरोबर नाही, कारण असले उजवे रकाने मी स्वतः कैक वर्षं भरलेत आणि भरताना दरवेळी हेच म्हणत आलोय. भरायला काहीच लागत नाही हो. डावीकडे 'गुणवत्तापूर्ण संशोधनास चालना' असेल तर उजवीकडे 'विभागात गुणवत्तापूर्ण संशोधन केले जाते' लिहायचं, झालं अलाइनमेंट! पण वर्षअखेरीला विभागात पाहिलं तर तोच टाइमटेबल, तेच प्रॅक्टिकल, तेच बिल. म्हणून त्यांना फोनवर जे तासभर सांगितलं ते इथं जरा नीट लिहितोय, नवीन एचओडी, आयक्यूएसी म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे कोऑर्डिनेटर, डीनसाहेबांच्या हाताखाली राबणारे मास्तर, कुणाला उपयोग झाला तर झाला. मी खान्देशातला आहे म्हणून उदाहरणं इकडचीच येतील.

आधी हे ठरवा की कुठला प्लॅन

यातच निम्मे लोक फसतात. विद्यापीठात 'प्लॅन' नावाचे निदान तीन कागद फिरत असतात. पहिला बृहत आराखडा, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे दर पाच वर्षांनी करावा लागतो, आत्ता चालू आहे तो २०२४ ते २०२९ चा. यात मुख्य भर असतो कुठल्या तालुक्यात कुठलं कॉलेज, कुठला कोर्स लागेल यावर. म्हणजे नंदुरबारमधल्या अक्राणीत सायन्स कॉलेज हवं का, हा त्याचा प्रश्न. तुमच्या विभागाने पुढच्या वर्षी काय शिकवावं हे त्यात सापडणार नाही, शोधू नका. दुसरा आयडीपी, इन्स्टिट्यूशनल डेव्हलपमेंट प्लॅन, नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आला आणि यूजीसीने त्याच्या गाइडलाइन्स काढल्या. संस्थेला एकूण कुठं जायचंय, माणसं, पैसा, इमारती, संशोधन, सगळं यात. तिसरा म्हणजे नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, केलेला स्ट्रॅटेजिक प्लॅन, क्रायटेरिया सहाचा, 'स्ट्रॅटेजी डेव्हलपमेंट अँड डिप्लॉयमेंट' वाला. हा बऱ्याचदा नॅकची तपासणी करणारी पीअर टीम यायच्या आधी दोन महिन्यांत जन्माला आलेला असतो, आपल्यातलं बोलतोय.

हे तीनही कागद मागवा, शेजारी शेजारी ठेवा आणि तिन्हीत कॉमन काय ते पेन्सिलने खुणा करा. फार निघत नाही, चार-पाच गोष्टी निघतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ज्या निघतील त्या अशा : आदिवासी आणि ग्रामीण विद्यार्थी टिकवणं, स्थानिक शेती आणि उद्योगाशी जोडलेलं संशोधन, रोजगारक्षम कोर्स, आणि डिजिटल काहीतरी. तिन्ही कागदांत एकसारखं आलेलं असेल ते संस्था खरंच मनावर घेतेय असं समजायला हरकत नाही. एकाच कागदात असेल तर बहुधा कुणीतरी दुसऱ्या विद्यापीठाच्या पीडीएफमधून उचललंय.

मग प्लॅन बाजूला ठेवा

हो, बाजूला. आधी आपल्या विभागाच्या खऱ्या प्रायॉरिटीज काय आहेत ते बघा, आणि त्या मीटिंगमध्ये विचारून कळत नाहीत. मीटिंगमध्ये सगळे संशोधन संशोधन करतात. खरी प्रायॉरिटी कळते तीन ठिकाणी : गेल्या तीन वर्षांची खरेदीची बिलं, टाइमटेबल, आणि गेल्या भरतीच्या जाहिरातीतला स्पेशलायझेशनचा रकाना. पैसा कुठं गेला, तास कुठं गेले, माणूस कशासाठी घेतला. बाकी सगळं भाषण.

आमच्याकडे एकदा असंच बसून पाहिलं तर कळलं की आम्ही सगळीकडे 'विस्तारकार्य', म्हणजे कॉलेजबाहेर लोकांत जाऊन करायचं काम, लिहितो आणि तीन वर्षांत विस्तारकार्याच्या नावाने झालेला खर्च म्हणजे एक बॅनर आणि चहा-बिस्किटं. बॅनर मात्र दोनदा छापला होता, पहिल्यात कुलगुरूंचं नाव चुकलं होतं म्हणून.

हे सगळं समोर ठेवून विभागातल्या लोकांशी बोला, पण कॉन्फरन्स हॉलमध्ये नको. हिवाळ्यात भरीत पार्टी असते ना शेतात, काड्या पेटवून वांगी भाजायला टाकली की माणूस खरं बोलायला लागतो, तिथं विचारा की 'दादा, आपला विभाग उद्या बंद झाला तर जिल्ह्यात कुणाला फरक पडेल?' आमच्याकडे या एका प्रश्नावर भरीत थंड झालं पण प्रायॉरिटीज निघाल्या. दोनच निघाल्या. दोन बास. सात-आठ प्रायॉरिटीज लिहिणाऱ्या विभागाला एकही प्रायॉरिटी नसते, हे माझं पक्कं मत झालंय.

जोडणी : प्लॅनची ओळ फोडा

प्लॅनची ओळ अशी असते : 'प्रादेशिक गरजांशी निगडित संशोधन व विस्तारकार्यास प्रोत्साहन देणे.' या ओळीत कोण, कुठं, कधी, काहीच नाही. तिला कुणीही जोडलं जाऊ शकतं, संस्कृत विभागही आणि केमिस्ट्रीही, म्हणून तिला जोडून घेण्यात काही अर्थ नाही. तिला आपल्या विभागाच्या भाषेत फोडायचं, इतकं की वाचणाऱ्याला गावाचं नाव दिसलं पाहिजे.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो. बॉटनी विभाग, प्रायॉरिटी ठरली केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, रावेर-यावल पट्ट्यात घरटी केळी, विद्यार्थी त्याच घरांतले, म्हणजे प्लॅनच्या 'प्रादेशिक गरजा' या शब्दात एकदम फिट. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना २ क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट द्यायचा ठरलं, विषय सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक, ज्याला आपल्याकडे शेतकरी हरण्या रोग म्हणतात. मावा किडीने पसरतो, झाड लागलं की उपटूनच टाकावं लागतं. कागदावर एकदम झकास. एक्सेलच्या उजव्या रकान्यात इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

आणि फील्ड प्रोजेक्ट टाकला कुठल्या सेमिस्टरला? चौथ्या. म्हणजे जानेवारी ते मार्च. मुलं गाडी करून रावेरकडच्या एका बागेत गेली, वह्या, मोबाइल, सगळी तयारी. शेतकरी आजोबा म्हणाले, "आता काय पाहाले आले भाऊ, ते झाडं तं श्रावणातच उपटी फेकले." खरंच आहे, मृगबागेची लागण जून-जुलैत, ढगाळ पावसाळी हवेत जुलै-ऑगस्टलाच रोग दिसतो, मार्चमध्ये तिथं बघायला होतं फक्त उरलेली निरोगी केळी आणि उन्हाचा कडाका. मुलांनी मग आजोबांची मुलाखत घेतली, त्यांनी केळी खायला दिली, रिपोर्ट झाले, मार्क पण मिळाले. पण जोडणी झाली नाही. पिकाचं कॅलेंडर जूनपासून चालतं, आणि आम्ही अभ्यासक्रम केला तेव्हा फक्त क्रेडिटचा हिशोब बघितला होता.

दुरुस्ती एवढीच करायची होती की तो फील्ड प्रोजेक्ट तिसऱ्या सेमिस्टरला न्यायचा आणि कम्युनिटी एंगेजमेंटचा कोर्स चौथ्याला. अभ्यासमंडळात हे दहा मिनिटांत पास होतं, पण अभ्यासमंडळाची मीटिंग होऊन गेलेली, मग पुढचं वर्ष. म्हणून सांगतो, प्रायॉरिटी लिहून झाली की पहिला प्रश्न, ही कुठल्या महिन्यात घडते.

होळीच्या आठवड्यात टेस्ट ठेवू नका

हा मुद्दा कॅलेंडरचाच आहे पण याला वेगळं लिहितो कारण यावर माझा फार जीव आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत कुठलंही कॉलेज घ्या, प्लॅनमध्ये आदिवासी विद्यार्थ्यांची गळती कमी करणं ही ओळ असतेच, आणि हवीच. त्यासाठी लोक काय काय करतात, मेंटॉर योजना, समुपदेशन कक्ष, उद्घाटन, फीत. आणि इंटर्नल टेस्ट लागते कधी, तर मार्चमध्ये, बरोब्बर होळीच्या आठवड्यात. सातपुड्यात होळी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. आधी भोंगऱ्याचे बाजार, मग गावागावाची होळी, अक्कलकुव्याकडच्या काठीची राजवाडी होळी तर लांबलांबून लोक बघायला येतात. धडगावचा पोरगा त्या आठवड्यात जळगावला हॉस्टेलवर बसून टेस्ट देईल असं ज्याला वाटतं त्याने ती होळी पाहिलेली नाही. तो जातो, टेस्ट बुडते, इंटर्नलला शून्य लागतो, बॅकलॉग पडतो, पुढच्या वर्षी तो दिसत नाही. आणि आपण एक्यूएआरमध्ये, म्हणजे नॅकला द्यायच्या वार्षिक अहवालात, मेंटॉर योजनेचे फोटो लावतो.

तसंच दिवाळीनंतरचं. नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, घरातलं मोठं पोर कॉलेजात असलं तरी त्याला धाकट्यांना सांभाळायला नाहीतर सोबत जावं लागतं, आणि परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख नेमकी त्याच सुमारास. यावर उपाय काही पीएचडीचा नाहीये. टेस्ट दहा दिवस मागेपुढे करायची, फॉर्म दिवाळीच्या सुट्टीआधी भरून घ्यायचा, हजेरीच्या नियमात बसेल तितकी भरपाईची बॅच लावायची. यातलं काहीच स्ट्रॅटेजिक प्लॅनच्या पुस्तकात शोभून दिसत नाही, पण प्लॅनची ओळ इथंच खरी होते नाहीतर खोटी पडते. त्यामुळे ॲकॅडमिक कॅलेंडरचा ड्राफ्ट आला की प्लॅन हातात घेऊन बसायचं आणि एकेक तारीख तपासायची. सगळ्या अलाइनमेंटमध्ये हे काम सगळ्यात स्वस्त आहे, एक रुपया लागत नाही.

भाषेचंही असंच. घरी पावरी किंवा भिली बोलणारं पोर, बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं, एफवायला येऊन एकदम इंग्रजी फिजिक्स. ब्रिज कोर्स लिहायचा असेल तर तो पहिल्या सहा आठवड्यांत टाइमटेबलमध्ये, रेग्युलर तासाला टाका, साडेपाचनंतर नको, साडेपाचला त्याची एसटी असते.

पैसा : हेड कुठला?

आता मुख्य. आमच्याकडे अकाउंट्सला एक भाऊसाहेब होते, अहिराणी माणूस, कुठलाही प्रस्ताव नेला की चष्म्यावरून बघून एकच विचारायचे, "हाई कोनता हेडमा टाकानं सर?" आम्ही हसायचो. आता वाटतं की अख्ख्या प्लॅनिंगच्या ट्रेनिंगमध्ये मला एवढा चांगला प्रश्न कुणी विचारला नाही. हेड म्हणजे बजेटमधलं खर्चाचं खातं, ते नसेल तर प्रायॉरिटी नाही. केळीच्या फील्ड प्रोजेक्टला गाडीभाडं लागणार, ते प्रवासात, की विस्तारकार्यात, की विद्यार्थी उपक्रमात? हे बजेटमध्ये आधी ठरलं नसेल तर ऑगस्टमध्ये तुम्ही स्वतःच्या खिशातून गाडी कराल, आणि एकदा स्वतःच्या खिशातून केलं की दुसऱ्या वर्षी करणार नाही, मीही केली नाही.

म्हणून तारखा समजून घ्या. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, विद्यापीठाचं बजेट मार्चमध्ये अधिसभेत जातं, त्याआधी व्यवस्थापन परिषद, त्याआधी वित्त व लेखा समिती. म्हणजे विभागाच्या मागण्या दिवाळीनंतर लगेच, फार तर डिसेंबरात गेल्या पाहिजेत. आणि आपण मास्तर लोक प्रायॉरिटीज ठरवतो जूनमध्ये, कॉलेज सुरू झालं की उत्साहात. जूनमध्ये ठरवलेल्या गोष्टीला पैसा मिळतो पुढच्या एप्रिलला. हे उलटं करा, प्रायॉरिटीची बैठक दसऱ्याच्या आसपास लावा, आणि मागणी अर्जावर प्रत्येक रकमेसमोर प्लॅनच्या उद्दिष्टाचा नंबर लिहा. नुसता नंबर. वर बसलेल्यांना पन्नास विभागांच्या मागण्या कापायच्या असतात, नंबर असलेली मागणी कापताना हात जरा अडखळतो.

सरकारी योजनेचा पैसा आला, केंद्राची उच्च शिक्षणाची पीएम-उषा वगैरे, तर सावध. त्यात इमारत आणि उपकरण पटकन मिळतं, पण ते चालवणारा टेक्निशियन आणि वर्षाचा एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, आपल्याला बघावा लागतो. मी असं एक महागडं यंत्र पाहिलंय ज्यावर तीन वर्षं प्लॅस्टिकचं कव्हर होतं, कव्हरवर उद्घाटनाच्या हाराचा दोरा तसाच. तेही कुठल्यातरी प्लॅनशी अलाइन केलेलंच होतं.

माणूस : तास कुणाच्या वर्कलोडमध्ये?

असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास, असोसिएट आणि प्रोफेसरला १४. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, पण फील्ड प्रोजेक्टचं ३० धरलं तर २ क्रेडिटचे ६० तास होतात, ते कुणीतरी मुलांसोबत उन्हात काढायचेत. हे तास त्या सरांच्या वर्कलोडमध्ये लिहून आले का? नसतील तर काम पडतं तासिका तत्त्वावरच्या पोरापोरींच्या अंगावर, ज्यांचं पुढच्या वर्षी काय होणार हे त्यांनाही माहीत नसतं, आणि ते गेले की प्रायॉरिटी पण गेली. माझा नियम असा की ज्या प्रायॉरिटीसमोर एका तरी कायम शिक्षकाचं नाव आणि त्याचे तास लिहिता येत नाहीत ती शीटमध्ये टाकायची नाही.

प्रमोशनचाही विचार करा. प्लॅन म्हणतो गावाशी जोडा, आणि कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलमध्ये वजन पेपरांना. माणूस पेपरच लिहिणार, त्याची चूक नाही, त्याला पण घर आहे. मग ते दोन्ही एकाच कामातून निघेल असं बघायचं, मुलांनी श्रावणात गोळा केलेल्या नोंदी दोन-तीन वर्षं जमल्या तर त्यातून सरांचा पेपर निघतो. हे आधी बोलून ठेवलं तर सर आपणहून गाडीत बसतात.

आणि जागा भरायची वेळ आली, बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा तक्ता, तपासून जाहिरात निघणार असेल, तर स्पेशलायझेशनचा रकाना भरताना तरी प्लॅन उघडा. तो एक रकाना पुढची तीस वर्षं ठरवतो. बहुतेक ठिकाणी जो माणूस रिटायर झाला त्याचंच स्पेशलायझेशन परत कॉपी होतं, कारण जुनी फाइल समोर असते.

काय बंद करणार?

हा प्रश्न कुठल्याच शीटमध्ये नसतो, तुम्ही स्वतः एक रकाना वाढवा : 'बंद / कमी'. नवीन काही घालायचं तर तास, खोली, पैसा कुठूनतरी काढावाच लागतो. एखादं ॲड-ऑन सर्टिफिकेट ज्याला दोन वर्षांत चार मुलं आली, वर्षातले सात 'दिन' साजरे करतो त्यातले चार. भांडणं होतात, सांगून ठेवतो, ज्यांनी तो कोर्स सुरू केला ते सर अजून स्टाफरूममध्येच बसलेले असतात. त्यांना आधी एकट्यात भेटा, मीटिंगमध्ये डायरेक्ट काढू नका. आमच्याकडे एक कोर्स बंद करायला दीड वर्ष लागलं आणि अजून एक सर माझ्याशी फक्त 'हं' एवढंच बोलतात.

वरपर्यंतचा रस्ता

विभागाने ठरवलं म्हणजे झालं नाही. अभ्यासक्रमातला बदल अभ्यासमंडळ, मग विद्याशाखा, मग विद्यापरिषद असा जातो, पैशाचा रस्ता वेगळा, व्यवस्थापन परिषदेकडून. हे दोन रस्ते एकमेकांना भेटतात ते फक्त वरती, म्हणून पुष्कळदा असं होतं की विद्यापरिषदेने कोर्स पास केला आणि बजेटमध्ये तो नाहीच. दोन्हीकडे जाणाऱ्या कागदावर तोच उद्दिष्ट नंबर आणि तेच वाक्य ठेवा, एक शब्द इकडचा तिकडे नको. जळगावच्या मू. जे. किंवा अमळनेरच्या प्रताप कॉलेजसारखं स्वायत्त कॉलेज असेल तर स्वतःचं अभ्यासमंडळ असतं, रस्ता छोटा, पण मग सबब पण छोटी. संलग्न कॉलेजवाल्यांनी अभ्यासक्रमाला हात लावायच्या भानगडीत न पडता कॅलेंडर, प्रोजेक्टचे विषय आणि ओजेटीची, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगची, ठिकाणं एवढं आपल्या हातातलं धरावं. ओजेटीला दालमिल, ठिबकचे कारखाने, भुसावळची रेल्वे, साक्रीकडचे सोलर प्लांट, दारात सगळं आहे, मुलाला पुण्यालाच पाठवायला हवं असं नाही.

लिहिताना साधं लिहा. आपलं विद्यापीठ १९९० चं, आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ज्यांचं बोलणं आसोद्याच्या शेतातल्या माणसालाही कळायचं. आणि आपण 'बहुआयामी समन्वयात्मक उत्कृष्टता' लिहितो, जी लिहिणाऱ्यालाच कळत नाही.

लक्ष ठेवायला वर्षातून दोनदा बसा, दसऱ्याला आणि फेब्रुवारीत, एक पान पुरतं. पानावर फक्त हे : प्रायॉरिटी, प्लॅनमधला नंबर, महिना, हेड, शिक्षकाचं नाव, आणि काय बंद केलं. फोटो जोडू नका.

त्या मॅडमनी शुक्रवारी शीट पाठवली. डावीकडची अकरा उद्दिष्टं, त्यातल्या नऊसमोर त्यांनी लिहिलं 'आमच्या विभागाचा संबंध नाही', दोनच भरली, आणि शेवटी स्वतःहून 'बंद / कमी' चा रकाना जोडला. सोमवारी वरून फोन आला, मॅडम, नऊ ओळी रिकाम्या कशा, काहीतरी टाका. मॅडम म्हणाल्या, टाकते, पण हेड कुठला ते आधी सांगा. पलीकडून म्हणे बघून सांगतो. अजून काही फोन आलेला नाही.